चार गावांची सावड

“सावड ज्यानं बोलावली त्यानं आपलं खाचर शेवटाला ठेवायचं. ध्यानात ठेव पोरी. आदी दुसऱ्याची आवणी उरकून द्यायची, मग आपल्या बांधावर पाय ठेवायचा.”

उज्वला नवी नवरी होऊन बेहडकोंडात आली, त्या पावसाळ्यात श्रीपतबाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हे सांगितलं होतं. गुडघाभर चिखलात उभे होते, हातात लावणीच्या भातरोपांची, राबाची जुडी होती, आणि डोक्यावरच्या इरल्यातून पाण्याची धार गळत होती. सावड कशाला म्हणतात हे उज्वलाला ठाऊक नव्हतं. माहेर रसायनीचं, बाप कारखान्यात, घरात शेतीचा गुंठाही नाही. इथे आल्यावर तिनं पाहिलं. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात उतरायचं, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आणि शेवटचं खाचर हिरवं होईपर्यंत कुणी हातपाय धुऊन घरी बसायचं नाही. बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी उज्वला कुठे अडली की त्यांचा आवाज तिच्या कानाशी यायचा.

उज्वला मवाळ बाई. पहाटे उठावं, आंघोळ करावी, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणावं, आणि वंदना होईस्तोवर पाण्याचा थेंब तोंडात घालू नये, असा तिचा नेम. पौर्णिमेला आठ शीलं, म्हणजे दुपारनंतर अन्न नाही. सरपंचपद राखीव झालं तेव्हा गावानं तिलाच पुढे केलं, कारण ही कुणाशी भांडणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. आवाज तर इतका खालचा की पहिल्या ग्रामसभेत मागून कुणीतरी ओरडलं होतं, “सरपंचताय, माइक हाय तो, मेणबत्ती नाय. भाजत नाय, जवळ घ्या.” सगळे हसले, तीही हसली.

बेहडकोंड हे धावरी नदीवरचं शेवटचं गाव. नदी कर्जतच्या बाजूच्या डोंगरातून उतरते. आधी आंबसरी लागतं, मग कुसवली, मग धामणकाठ, आणि तालुक्याची शीव ओलांडली की खालापुरातलं बेहडकोंड. चौघांच्याही विहिरी नदीच्या अंगाला, विहिरीवर पंप, पंपाचं पाणी टाकीत आणि टाकीतून नळाला. नदीत खोट नव्हती. खोट होती ती अंधारात येणाऱ्या टँकरांत. कुठल्या कारखान्याचं काय भरून आणायचे कुणास ठाऊक. आंबसरीच्या वरच्या पुलाखाली नळी सोडायची, टँकर रिकामा करायचा आणि उजाडायच्या आत पसार व्हायचं. गाडीच्या नंबराला चिखल फासलेला. दोनदा तक्रार झाली, पंचनामा झाला, नमुने गेले. मासे पांढरी पोटं वर करून वाहत यायचे, पाण्याला औषधासारखा वास सुटायचा, आणि थोड्या दिवसांनी नदी पुन्हा भोळीभाबडी होऊन वाहायला लागायची.

म्हणून चार गावांतल्या पाणी सोडणाऱ्यांनी आपापसात एक रीत पाडली होती. कुणी ठराव केला नव्हता, कुणी पगार वाढवून दिला नव्हता. पहाटे आंबसरीचा माणूस विहिरीत बादली सोडायचा, पाणी हुंगायचा, जिभेला लावून थुंकायचा आणि कुसवलीच्या माणसाला फोन करायचा. कुसवलीवाला धामणकाठला, धामणकाठवाला बेहडकोंडात मोरूला. बोलणं एवढंच, की पाणी बरं हाय रं, सोड. कधी फोनवर नुसतं “थांब” यायचं. मग मोरू पंपघराच्या पायरीवर विडी ओढत बसून राहायचा आणि गावातल्या बाया त्याच्या नावानं बोटं मोडायच्या.

यंत्राची गोष्ट देवेशनं काढली. देवेश पंचायतीचा ग्रामसेवक, तरणा मुलगा, शेलूला राहायचा आणि मोटारसायकलवरून यायचा. त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. विहिरीत एक नळकांडं सोडायचं. ते रात्रंदिवस पाणी तपासतं. पाणी बिघडलं की पंप आपोआप बंद होतो आणि पंचायतीच्या लोकांच्या फोनवर निरोप जातो. मोठ्या नगरपालिकांनी घेतलंय, तो म्हणाला, सरकारनं ठरवून दिलेल्या दरात. आपल्यासारख्या एकट्या पंचायतीला मात्र तो दर मिळत नाही. एका यंत्रासाठी पुरवठादार फिरकत नाही, आणि फिरकला तर दुप्पट मागतो. पण आता नवं परिपत्रक आलं होतं. एकाच नदीवरच्या लहान पंचायतींनी एकत्र येऊन एकच मागणी नोंदवली, तर त्यांनाही मोठ्यांचा दर मिळेल. देवेशनं ते तीनदा वाचून दाखवलं. सदस्य जांभया देत होते.

“म्हणजे सावडच की,” उज्वला म्हणाली.

देवेश आधी हसला. मग म्हणाला, ताई, हे मला साहेबांनी दोन तास शिकवलं, तुम्ही एका शब्दात संपवलंत.

त्या हिवाळ्यात उज्वला वरची तिन्ही गावं फिरली. आंबसरीचे सरपंच सखाभाऊ म्हणजे मोठं प्रस्थ. दुधाचा धंदा, दारात दोन गाड्या, बोलणं तिरकं. इथे एका चहाला चार माणसं जमत नाहीत आणि ताई, तुम्ही यंत्राला चार गावं जमवायला निघालात, असं म्हणून त्यांनी तिची थट्टा केली. तुमचं गाव खालापूरचं, आमचं कर्जतचं, पंगत एक पण पत्रावळी दोन तालुक्यांच्या, हेही ऐकवलं. उज्वला ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, भाऊ, तुमच्या म्हशी कुठलं पाणी पितात? सखाभाऊंचं हसू थोडं उतरलं. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः कुसवलीला फोन लावून दिला. तालुके दोन, म्हणून कार्यालयंही दोन. एका ठिकाणची सही झाली की दुसऱ्या ठिकाणचे साहेब रजेवर. उज्वला कर्जतला जायची, खालापूरला जायची, बाकावर बसून राहायची. चिडणं तिला जमत नव्हतं. एका कारकुनानं शेवटी कंटाळून नव्हे, तर लाजून कागद पुढे सरकवला, असं देवेश सांगायचा.

शेवटची बैठक आंबसरीच्या पंचायतीत झाली. देवेश संगणकावर मागणी भरत होता. कुठल्या गावाचं नाव आधी टाकू, असं त्यानं विचारलं. सखाभाऊ त्या दिवशी खुशीत होते.

“ताईंचं टाका वर,” ते म्हणाले. “चपला त्यांच्या झिजल्यात.”

उज्वलाच्या कानाशी तो जुना आवाज आला. “नाही भाऊ,” ती म्हणाली. “सावड मी बोलावली. आमचं शेवटी.”

सगळ्यांना ते बोलणं आवडलं. संस्काराची बाई हाय, असं धामणकाठचे म्हातारे सदस्य मान हलवत म्हणाले. मागणी एकच आहे, नाव वर काय आणि खाली काय, असं देवेशनंही सांगितलं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

पुरवठादार मात्र यादीप्रमाणे आला. आंबसरीला यंत्र बसलं, नारळ फुटला, पेढे वाटले. उज्वलाला सन्मानानं बोलावून तिच्या हातून फीत कापवून घेतली. मग कुसवलीला बसलं. धामणकाठला बसायला शिमगा उलटला. आणि मार्च संपला. ज्या दराच्या करारावर सगळं चाललं होतं, त्याची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. वरून उत्तर आलं की न पुरवलेला भाग रद्द समजावा, नव्या वर्षात नवी मागणी नोंदवावी. देवेशनं नवी मागणी भरायला घेतली तर ती घेतलीच जाईना. एकट्या पंचायतीला एकत्र खरेदी करता येत नाही. आणखी पंचायती जोडा.

उज्वला पुन्हा आंबसरीला गेली. सखाभाऊंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, घरातून चिकूही आणवले. आमचं तर आता झालंय ताई, ते म्हणाले. परत ठराव घ्यायचा, परत सगळ्यांना बसवायचं, तेही जे यंत्र आमच्या विहिरीत आहे त्याच्यासाठी; सदस्य मला वेड्यात काढतील. पाऊस सरू दे, बघू. कुसवलीचे म्हणाले, गणपतीनंतर. धामणकाठचे सरपंच लग्नाला गेले होते. नाही असं कुणीच म्हटलं नाही. शेवटचं खाचर कोरडं राहिलं आणि तिघांनी हातपाय धुतले.

जगदीश, तिचा नवरा, खोपोलीला वर्कशॉपमध्ये कामाला होता. तू त्यांच्या दारात जाऊन बस, चार शब्द सुनाव, असं तो म्हणायचा. गोड बोलून दगडाला पाझर फुटत नाही. उज्वला म्हणायची, त्यांनी शब्द दिलाय, पाऊस सरला की बसतील. आणि पहाटेच्या वंदनेत ती त्यांचंही मंगल चिंतायची.

आणखी एक गोष्ट घडली होती, ती इतकी हळू घडली की गावाला कळलीच नाही. वरच्या तिन्ही गावांचे पाणी सोडणारे पहाटे उठेनासे झाले होते. का उठावं? यंत्र जागं होतं. पाणी चांगलं असलं की पंप ठरल्या वेळी आपणच सुरू व्हायचा. बादली सोडायची नाही, जिभेला लावायचं नाही, त्यामुळे फोन करायचं कारणही उरलं नाही. मोरूनं एकदा पंचायतीत येऊन सांगितलं, “ताय, हल्ली वरनं फोन येत नाय.” उज्वलानं सखाभाऊंना कळवलं. त्यांनी चांगुलपणानं मोरूचा नंबर यंत्रात घालायला सांगितला. तेव्हा कळलं की ज्या पंचायतीच्या नावावर यंत्र, तिचेच नंबर त्यात जातात. बाहेरचा घालायचा तर वरून परवानगी लागते. अर्ज गेला. आमचा माणूस उठवतो की, असंही सखाभाऊ म्हणाले. त्यांचा माणूस आठवडाभर उठला.

भादव्यात एके दिवशी मोरूनं नेहमीसारखं पहाटे पंपघर उघडलं. पावसाळ्यात नदी गढूळ, म्हणून जंतू मारायची टीसीएल पावडर तो जरा सढळ हातानं टाकायचा. तिच्या उग्र वासात दुसरा कुठला वास होता की नव्हता, हे त्याला नंतर पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं. त्यानं पंप सुरू केला. नळाला पाणी आलं.

मोरूची पोर मैना शाळेला लवकर निघायची. शाळा लांब, चौकच्या अंगाला, आणि गावात येणारी एसटी एकच. तिनं उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा खाल्ला, नळावर बाटली भरली आणि तोंड लावून प्यायली. थांब्यापर्यंतही ती पोचली नाही.

उज्वलाची वंदना चालू होती. मूर्तीपुढच्या वाटीत नुकतंच नळाचं पाणी भरून ठेवलेलं. बाहेर कुणी ओकतंय असा आवाज आला, मग दुसऱ्या घरातून आला, मग बाया एकमेकींना हाका मारायला लागल्या. ती उठली आणि अनवाणी पंपघराकडे धावली. तिथे मोरू नव्हता, तो पोरीकडे धावला होता. तिनंच खटका खाली ओढला. परतताना ती दारादारात थांबून सांगत होती, पाणी पिऊ नका, पाणी ओता. त्या दिवशी तिचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत गेला, असं लोक सांगतात.

दोन टेंपो भरून माणसं दवाखान्यात नेली. पुढच्या टेंपोत मोरू होता, त्याच्या मांडीवर मैना. जनी, मैनाची आई, पोरीच्या तोंडाला पदर लावून बसली होती. महामार्गाला लागण्याआधीच जनीनं पदर काढून घेतला. ड्रायव्हरला वेग कमी कर असं कुणी सांगितलं नाही; तो तसाच भरधाव गेला, कारण मागच्यांना पोचवायचं होतं. बाकीची सगळी वाचली. काही चार दिवसांनी परत आली, एक म्हातारी महिन्यानं.

उज्वलाच्या घरात कुणाला काही झालं नाही. जगदीश रात्रपाळीला होता. सासू गंगाबाई उठली नव्हती. आणि वंदनेआधी उज्वलानं पाणी पिऊ नये असा तिचाच नेम. लोक म्हणाले, तुझ्या नेमानं तुला तारलं. ते ऐकलं की ती तिथून उठून जायची.

मातीला सखाभाऊ आले होते. ओढ्याकाठी, जिथे मोरूच्या भावकीची माती होते तिथे, पावसाची भुरभुर चालू होती. सखाभाऊ लांब उभे राहिले, मग उज्वलाजवळ आले.

“ताई, माझ्या फोनवर आलं होतं,” ते म्हणाले. “पाणी खराब, पंप बंद. उजाडायच्या आधीच आलं होतं. मी उठल्यावर बघितलं. मला वाटलं, सगळ्यांनाच आलं असेल.”

कुसवलीच्या सरपंचांनाही आलं होतं. धामणकाठलाही. तिन्ही गावांच्या टाक्यांत आदल्या दिवशीचं पाणी शिल्लक होतं, त्यामुळे कुणाला काही जाणवलंही नाही. सखाभाऊंनी तर तो निरोप बायकोला दाखवला होता, बघ, यंत्र काम करतंय म्हणून.

उज्वलाला त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हात जोडले आणि ती जनीशेजारी जाऊन बसली. जनीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढचे दिवस गाड्यांचे होते. पोलिसांच्या, साहेबांच्या, कॅमेऱ्यांच्या. टँकरवाले सापडले नाहीत. मोरूला दोनदा चौकीत बसवून घेतलं, सोडलं. तो घरी आला आणि ओटीवर बसला, आणि तेव्हापासून तो बोलला नाही. पंपघराची किल्ली त्यानं उंबऱ्यावर ठेवून दिली होती, ती तिथेच पडून होती. लोक ओलांडून जायचे.

एका संध्याकाळी गंगाबाई तांदूळ निवडत होती. उज्वला शेजारी बसली होती, पण सुपातलं तिला दिसत नव्हतं. ती आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, आई, बाबांनीच शिकवलं होतं की आपलं शेवटी ठेवायचं. मी चुकले का?

गंगाबाईनं सूप खाली ठेवलं नाही.

“तुझा सासरा शेवटाला का राहायचा ठाव हाय का तुला?” ती म्हणाली. “त्याला पयलं कुणी राहूच देत नव्हतं. आमच्या बांधावर पाय ठेवायला लोकांना दिवस मावळायचा. कदी यायचे, कदी नाय. चिडला आसता तर सावडच तुटली आसती, मग एकट्यानं काय लावलं आसतं? म्हणून मग तो म्हणायला लागला, की हा मान हाय. म्हणता म्हणता त्यालाच खरं वाटाया लागलं. तू आलीस, तुला तेच दिलं.”

“तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“काय सांगू गं? तू ते इतक्या भावानं धरलंस.” गंगाबाईनं एक खडा वेचून अंगणात टाकला. “मला वाटलं, दिस बदललेत. आता खरंच मान आसंल.”

घरात अंधार झाला तरी दिवा लावायचं उज्वलाच्या हातून राहिलं, तो गंगाबाईनंच उठून लावला. श्रीपतबाबांचा आवाज तिला त्यानंतर ऐकू आला नाही. तिनं कान देऊन पाहिलं, तरीही नाही.

सरकारनं काही दिवस टँकरनं पाणी दिलं. विहीर उपसली, धुतली, पाणी प्रयोगशाळेत गेलं आणि पिण्यायोग्य असा दाखला आला. दाखला आला तसा टँकर बंद झाला. आता पंप सुरू करण्याशिवाय इलाज नव्हता. डोंगराच्या पायथ्याला एक झरा आहे, पण तिथून हंडे आणायचे तर बायांचा अर्धा दिवस जायचा, आणि उन्हाळ्यात तोही आटतो.

त्यासाठी ग्रामसभा भरली. देवेश कागद घेऊन उभा राहिला. नवी मागणी गेली आहे, त्यानं सांगितलं. आता सखाभाऊ आणि बाकीच्यांनी एका दिवसात ठराव दिले. एवढंच नव्हे, बातमी ऐकून दोन्ही तालुक्यांतल्या पंचायती धावून आल्या. कडावकडची गावं आली, पाताळगंगेकाठची आली. परिपत्रकही आता मोकळं झालंय, कुणालाही जोडता येतं, नदी एकच पाहिजे असंही नाही.

“मग आता तरी आपलं नाव वर हाय का रं?” मागून पोशानं विचारलं. मोरूच्या जागी पाणी सोडायला हाच तयार झाला होता.

यादी आता वरच बनते, देवेश म्हणाला. आपल्या हातात नाही. आणि इतकी गावं जोडली गेल्यामुळे मागणी मोठी झाली आहे, मोठी झाल्यामुळे तिची छाननी राज्याच्या पातळीवर होणार. यंत्र येईल दिवाळीनंतर, किंवा मार्चच्या आत. तो खाली बसला.

मग जनी उठली. ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. भिंतीला धरून उभी राहिली, आणि तिचं बोलणं रडण्याचं नव्हतं.

“तवर पाणी कोण बगणार?”

दाखला आलाय जने, कुणीतरी हळूच म्हणालं.

“दाखला त्या दिसाच्या पाण्याचा हाय. नदी रोज येते.” तिनं उज्वलाकडे पाहिलं, मैना गेल्यापासून पहिल्यांदाच. “सरपंचबाय, यंत्र येईल तवा येईल. तवर तुमी येवा पंपावर. पोशा खटका वर करायच्या आदी तुमी विहिरीचं पाणी प्या. थोडा वेळ बसा. तुमाला काय झालं नाय, तर आमी भरू. रोज.”

बसलेल्यांत गलबला झाला. हे काय बोलणं, पोरगी गेली म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं का, असं बायाही म्हणाल्या. देवेश घाईघाईनं सांगायला लागला की असं करता येत नाही, नियमात नाही. उज्वलानं हात वर केला.

“येईन,” ती म्हणाली.

घरी आल्यावर जगदीश पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. “माणूस हायस का मासा? कोंबडं बांध तिथं, कुत्रं बांध, त्याला पाज आदी. लोकांच्या समाधानापुरतं एक दिवस जा, ओठाला लाव नि ये. जनीचं दुःख हाय, ती चार दिसांत इसरंल.”

“ती विसरणार नाही,” उज्वला म्हणाली. “आणि मुक्या जिवाला माझ्या जागी कसं बांधू? पहिलं शील म्हणते ना मी रोज?”

“मग चौथं मोड. खोटं बोल थोडं. जग बोलतं.”

ती चुलीकडे वळली. जगदीशला हा तिचा अबोला ठाऊक होता. त्याच्यावर डोकं आपटून काही निघत नाही. तो अंगणात जाऊन उभा राहिला, मग आत आला आणि म्हणाला की तसं असेल तर मीही येतो, दोघं पिऊ. तिनं नको म्हटलं. घरात म्हातारी आहे, तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यातला अर्थ कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजला.

उज्वलाला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्री तिला मैनाचं तोंड दिसलं, टेंपोच्या फाळक्याशी हलणारं. तिनं मनात मंगलमैत्री म्हणायला घेतली, सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो, आणि त्यात टँकरवाल्यापाशी येऊन ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. पुन्हा तिथेच अडली. तेवढं एक तिच्यानं म्हणवेना, तेव्हा तिनं ते तसंच अर्धं सोडलं.

पहाटे ती रोजच्याहून लवकर उठली. आंघोळ केली, मेणबत्ती लावली, वंदना केली. शेजघरात जगदीश जागा होता, पण हलला नाही. तिनं मांडणीवरचा एक स्टीलचा पेला घेतला, पदरानं पुसला. दाराशी गंगाबाई बसलेली होती, केव्हापासून बसली होती कोण जाणे.

“वाट निसरडी झालीया,” म्हातारी म्हणाली. “काठी घे.”

उज्वलानं कोपऱ्यातली काठी घेतली. म्हातारीच्या अंगावरची गोधडी सरकली होती ती नीट केली. मग दार हलकेच ओढून घेतलं, शेजारचं कुणी जागं होऊ नये म्हणून, आणि पेला पदराआड धरून ती नदीकडच्या वाटेला लागली.